मिठाला जागणारा

मंगळवारी रिबेइरा नदीवर माझी होडी
आधी दोना ओलिंदाच्या धक्क्याला लागते.
म्हणजे मीच लावतो. तिची कॉफी
काठावरच्या बाकी तेवीस घरांपेक्षा कडक.
दंडाला पट्टा गुंडाळतो, फुगा दाबतो,
ती श्वास रोखते, फळ्यापुढे उभं केलेल्या पोरीसारखी.
एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचा एकशे चार.
"खारा मासा खाल्लास?"
"छे," ती म्हणते,
आणि तिच्या मागे दोरीवर वाळत घातलेले मासे
वाऱ्यावर हलतात, साक्षीला बोलावल्यासारखे.

डॉक्टर तायनाराने मला वहीत काढून दिलं होतं:
यकृत रक्तात सोडून देतं एक लांब माळ, बिनकामाची.
मूत्रपिंडाला वाटलं दाब उतरला,
की ते कात्री धाडतं. दहा मणी उरतात.
फुप्फुसात दुसरी कात्री, आणखी दोन गळतात.
हा आठ मण्यांचा तुकडा, अँजिओटेन्सिन,
शिरांवरच्या आपल्या दारांशी जाऊन बसतो
आणि शिरा मूठ आवळतात.
तहान लागते. मीठ बाहेर जाऊ दिलं जात नाही,
मिठामागे पाणीही थांबतं.
खाली मी माझ्या अक्षरात लिहिलं:
खाल्ल्या मिठाला जागतो.

हे वाचून दाखवलं तेव्हा ओलिंदा म्हणाली,
"मग वाईट कसा?"

मला सांगता येईना.
ती केळीचा घड धूत होती. धूतच राहिली.
"त्र्याहत्तर साली, पुरात, एवाल्दो होडीतच झाला.
मागोमाग रक्त. थांबेचना.
एल्दोरादोपर्यंत सहा तास वल्ही.
सासूने पाठीखालचं गोणपाट दोनदा पिळलं.
मला फक्त तहान आठवते,
ही नदी पिऊन टाकीन अशी. हातपाय गार,
आणि आत कोणीतरी दोरी धरून बसलेलं.
सोडत नव्हतं."

तोच तो, ओलिंदा.
पूर ओसरल्याचं त्याला कोणी कळवलंच नाही.
एवाल्दोला नातू झाला,
हा अजून दोरी ओढून बसलाय.
तुझ्या हृदयाची भिंत जाड झाली आहे,
घड वाहून वाहून खांदा होतो तशी.
लघवीत फेस येतो.

पहिली गोळी पांढरी होती.
केळीच्या बागेत जराराका डसला आणि तिचा बाप
पाय सुजायच्या आधीच कोसळला,
रक्ताचा दाब विहिरीत बादली सुटावी तसा खाली.
त्या सापाच्या विषावरून माणसं शिकली
फुप्फुसातली कात्री बोथट करायला.
मी म्हटलं, गोळीत विष नाही गं, फक्त त्याची युक्ती आहे.
तिने गोळी तळहातावर बराच वेळ ठेवली.
"बाबाचं काहीतरी उपयोगी पडलं," म्हणाली, आणि गिळली.

मग कोरडा खोकला. रात्रभर.
ती खोकली की पलीकडच्या काठावरचा कुत्रा भुंके,
तो भुंकला की ती खोके.
तीन आठवडे दोघांनी झोपू दिलं नाही कोणाला.

आताची गोळी कात्रीला हात लावत नाही.
दारातच बसते, आठ मणी आले की
"जागा नाही" म्हणते.
आणखी एक दार असतं म्हणे,
तिथे तोच शिरला तर शिरा मूठ सोडतात.
त्या दाराचं डॉक्टरांनाही अजून पुरतं कळलेलं नाही.
वहीत तिथे तिने प्रश्नचिन्ह काढलंय,
मोठं, गळासारखं.

आज एकशे बेचाळीस.
उलट्या-जुलाब झाले, रक्त गेलं,
तर गोळी घेऊ नकोस, मला लगेच हाक मार, मी सांगितलं.
"म्हणजे तेव्हा तो लागेल."
लागेल.
"मग बिचाऱ्याला फार लांब नका घालवू."

होडी सोडताना मी दोरीवरचे मासे मोजले.
मागच्या मंगळवारी अकरा होते.


आज नऊ.